कँटनीज पद्धतीची तांदळाची पेज घरी करताना पाणी आणि भात वेगळे का राहतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : चिनी पद्धतीची तांदळाची पेज करण्यासाठी बासमती तांदूळ घेतला, भरपूर पाणी घालून कुकरच्या पाच शिट्ट्या केल्या, तरी वर पाणी आणि खाली गिचका भात असेच हाती लागले, मंद आचेवर पुन्हा शिजवायला ठेवली तेव्हा ती तळाला लागली. चांगल्या चिनी हॉटेलात मिळते तशी दुधाळ, एकजीव पेज घरी होते का, तांदूळ कोणता घ्यावा, पाणी किती घालावे, आणि मासा किंवा चिकन नेमके केव्हा घालावे?

अशी पेज घरी उत्तम होते. मात्र चीनमध्ये तांदळाची पेज एकाच प्रकारची नसते, आणि पाककृती शोधताना निरनिराळ्या प्रांतांच्या रीती एकमेकींत मिसळल्या गेल्यामुळे बराच घोळ होतो. उत्तर चीनमध्ये सकाळची पेज पुष्कळदा तांदळाची नसतेच. ती राळ्याची, पातळ आणि पिवळसर असते. चांद्रवर्षाच्या बाराव्या महिन्यातील आठव्या दिवशी तांदळात डाळी, सुकी चिनी बोरे, शेंगदाणे वगैरे घालून जी गोड ‘लाबा’ पेज करतात, ती तर सणाची गोष्ट आहे, आणि बीजिंगच्या योंगहे मंदिरात ती त्या दिवशी लोकांना वाटली जाते. ग्वांगडोंग प्रांताच्या पूर्व टोकाला असलेल्या चाओझोऊ भागात मात्र पेजेतले शीत शाबूत ठेवतात. दाणा नुकता उमलला की आच बंद करून भांडे झाकतात, वर दुधाळ साय आली की पेज वाढतात, आणि तिच्यासोबत खारवलेली मोहरीची पाने, खारवलेला मुळा आणि बदकाचे खारे अंडे खातात. वर पाणी आणि खाली भात हे वर्णन तिथे दोष म्हणून कोणी सांगितलेच नसते.

आपण हॉटेलात खाल्ली ती बहुधा ग्वांगझोऊ आणि हाँगकाँगकडची, म्हणजे कँटनीज पद्धतीची पेज असावी. तिला तिकडे ‘जूक’ म्हणतात, आणि पुढचे सगळे विवेचन तिच्याबद्दल आहे. १८व्या शतकात नानजिंग येथे राहणारे कवी आणि खवय्ये युआन मेइ यांनी आपल्या पाकविषयक ग्रंथात पेजेची जी कसोटी दिली आहे, ती मला आजही पुरेशी वाटते : पाणी दिसते पण तांदूळ दिसत नाही ती पेज नव्हे, तांदूळ दिसतो पण पाणी दिसत नाही तीही नव्हे, दोन्ही वेगळी ओळखू येऊ नयेत इतकी एकरूप झाली पाहिजेत. आपल्या पेजेत नेमके हेच घडले नाही, आणि त्याचे कारण शिट्ट्या कमी झाल्या हे नाही.

तांदळाचा दाणा शिजणे आणि दाणा फुटून त्यातला स्टार्च पाण्यात पसरणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला स्टार्चचे कण पाणी शोषून फुगू लागतात आणि भात शिजतो. तिथे पहिली क्रिया संपते. दुसरीसाठी दाण्याची बाहेरची भिंत तुटावी लागते आणि दाणे एकमेकांवर, तसेच भांड्याच्या कडांवर घासले जावे लागतात, कारण त्या घर्षणानेच आतला स्टार्च सुटून पाण्याला अंग येते. खळखळती उकळी हे घर्षण आपोआप करते. बंद कुकरमध्ये तापमान वाढल्यामुळे दाणा आतपर्यंत मऊ होतो, पण शिट्टी येऊन आच कमी केल्यावर आतले पाणी जवळजवळ स्थिर असते, म्हणून दाणा मऊ होऊनही आपल्या जागी पडून राहतो. नंतर अगदी मंद आचेवर ठेवल्यानेही काम होत नाही. मऊ झालेले जड शीत तळाशी बसते, हलत नाही आणि करपते. आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ असे एकच आहे.

आता तांदळाचा विचार करू. स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. अमायलोज जास्त असलेला तांदूळ मोकळा शिजतो, कमी असलेला चिकट आणि मऊ होतो. बासमतीत अमायलोजचे प्रमाण साधारण २० ते २५ टक्के असते, शिवाय तो मुद्दाम जुना करून विकला जातो, आणि जुना तांदूळ शिजताना पाण्यात कमी स्टार्च सोडतो. पुलावासाठी जे गुण हवेत तेच इथे आड येतात. हाँगकाँगमध्ये थाई जास्मिन तांदूळ पुष्कळ वापरतात. आपल्याकडे त्यासाठी धडपड करण्याचे मुळीच कारण नाही, कारण इंद्रायणी आणि आंबेमोहोर हे दोन्ही तांदूळ या कामाला फार चांगले आहेत. माझी पसंती नव्या इंद्रायणीला आहे. आंबेमोहोराचा स्वतःचा सुगंध साध्या पांढऱ्या जूकमध्ये छान लागतो, पण मासा घालायचा असेल तर तो मला थोडा मध्ये येतो असे वाटते. भातासाठी आपण जुना तांदूळ शोधतो, इथे नवा शोधावा. त्याहून सोपी वाट म्हणजे याच तांदळांची कणी. तुटलेल्या दाण्याचा आतला भाग आधीच उघडा असल्याने स्टार्च लवकर सुटतो आणि वेळ जवळजवळ निम्मा होतो. फक्त ती निवडून घ्यावी आणि बारीक जाळीच्या गाळणीत धुवावी, नाहीतर अर्धी मोरीत जाते.

कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या घरी रोज पेज होते, ते साहजिकच उकडा तांदूळ घेतील. जूकसाठी तो घेऊ नये. उकडा तांदूळ करताना भात सालासकट भिजवून वाफवतात आणि वाळवतात. त्यात दाण्यातला स्टार्च एकदा शिजून पुन्हा घट्ट बसलेला असतो, त्यामुळे तासभर उकळला तरी दाणा आकार सोडत नाही. उकड्या तांदळाच्या पेजेची सगळी गंमत त्या अखंड, टणकसर शितात आणि वरच्या निवळीत आहे. जूकमध्ये आपल्याला दाणा मोडायचा असल्यामुळे तो तांदूळ कितीही चांगला असला तरी इथे उपयोगाचा नाही.

तांदूळ निवडल्यानंतरची तयारी हीच माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि घरोघरी सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी आहे. तिघांसाठी १०० ग्रॅम तांदूळ घ्यावा. तो दोनदाच हलक्या हाताने धुवावा, पाणी नितळ होईपर्यंत चोळत बसू नये. मग अर्धा तास भिजवून पूर्ण निथळावा आणि त्याला एक चहाचा चमचा बिनवासाचे तेल आणि पाव चमचा मीठ चोळून आणखी अर्धा तास ठेवावा. ही कँटनीज घरांतली जुनी रीत आहे. तेलामुळे उकळताना फेस आवरला जातो आणि तयार पेजेला तुकतुकी येते, हे निर्विवाद. दाणा लवकर फुटण्याचे श्रेय तेलाला देतात, पण माझ्या अनुभवात ते मुख्यतः भिजण्याचे आहे. काही जुने आचारी याच वेळी काळ्या खारवलेल्या अंड्याचा, म्हणजे चुना-राखेसारख्या अल्कधर्मी मिश्रणात मुरवलेल्या चिनी अंड्याचा, एक तुकडा कुस्करून तांदळाला चोळतात. ते अंडे अल्कधर्मी असते आणि अल्कलीमुळे दाणा झपाट्याने विरघळतो. हेच पाहून काही जण पेजेत खाण्याचा सोडा टाकतात. तसे करू नये, कारण त्याने चव साबणासारखी होते आणि तांदळातले ब १ जीवनसत्त्वही नष्ट होते.

ज्यांना सकाळी वेळ नसतो त्यांच्यासाठी भिजवून निथळलेला तांदूळ रात्री पिशवीत पातळ पसरून फ्रीजरमध्ये ठेवणे हा उत्तम उपाय आहे. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे भिजलेल्या दाण्याला आतून असंख्य तडे जातात. असा गोठलेला तांदूळ तसाच खळखळत्या पाण्यात टाकला तर वीसएक मिनिटांत फुलून फुटतो. सुरुवातीला मला हा उपाय केवळ घाईतला वाटत असे, परंतु घरच्या शेगडीवर, जिथे हॉटेलसारखी प्रचंड आच मिळत नाही, तिथे तो नेहमीच्या रीतीपेक्षाही बरा ठरतो असे आता माझे मत आहे.

पाण्याचे प्रमाण वजनाने लक्षात ठेवावे, कारण घरोघरच्या वाट्या सारख्या नसतात. १०० ग्रॅम तांदळाला १.२ ते १.३ लिटर पाणी घ्यावे. तासभर उघडे उकळताना त्यातले दोनशे ते तीनशे मिलिलिटर उडून जाते आणि कढीपेक्षा दाट पण खिरीपेक्षा सैल अशी पेज उरते. सगळे पाणी सुरुवातीलाच घालावे. मध्येच गार पाणी ओतले की उकळी थांबते, दाणे खाली बसतात आणि तळाला लागण्याची सुरुवात तिथूनच होते. घालणे भागच पडले तर ते उकळते घालावे. भांडे जाड बुडाचे, उंच आणि एकूण ऐवजाच्या निदान दुपटीहून मोठे असावे.

पाणी आधी खळखळून उकळू द्यावे आणि मगच त्यात तांदूळ सोडावा. गार पाण्यात घातलेला तांदूळ पाणी तापेपर्यंत बुडाशी बसून राहतो आणि तिथे चिकटतो, तर उकळत्या पाण्यात पडलेला दाणा लगेच फिरू लागतो. पहिली तीन-चार मिनिटे उलथण्याने बूड खरवडत ढवळावे, पुन्हा जोरदार उकळी आली की पंधरा मिनिटे आच मोठी ठेवावी, त्यानंतर ती मध्यमपेक्षा थोडी कमी करून झाकण तिरके ठेवावे. आच किती, याची खूण डोळ्यांनी घ्यावी : पृष्ठभाग सतत हलता दिसला पाहिजे, दाणे खालून वर येऊन पुन्हा खाली जाताना दिसले पाहिजेत. नुसते मधूनमधून बुडबुडे येत असतील तर आच फार कमी आहे. चिनी घरांत भांड्याच्या तळाशी चिनी मातीचा जाड चमचा टाकून ठेवतात. उकळीने तो हलत राहतो आणि खालचा तांदूळ बसू देत नाही. हा उपाय लागू पडतो, मात्र चमचा जाड आणि बिनतड्याचा हवा.

पाऊण तासानंतर दाणे उमलून फुलासारखे दिसू लागतात. इथून शेवटची दहा मिनिटे सतत ढवळण्याची असतात, आणि पेज एकजीव होते ती याच वेळात. एकाच दिशेने ढवळावे असे जुने आचारी सांगतात. दिशेने फारसा फरक पडतो असे मला वाटत नाही, पण दिशेचे भान ठेवणारा माणूस लक्ष देऊन ढवळतो, म्हणून मी त्या नियमाला हसत नाही. आपल्याकडची लाकडी रवी या कामाला अगदी योग्य आहे. ती दहा-बारा वेळा फिरवून थांबावे आणि पाहावे. मिक्सर मात्र लावू नये, त्याने दाणा चिरडून खळीसारखा चिकट लगदा होतो आणि जिभेला जाणवणारे कोवळे कण उरत नाहीत.

कुकर वापरता येतो, फक्त त्याच्याकडून अर्धेच काम करून घ्यावे. पाणी उडत नसल्यामुळे १०० ग्रॅम तांदळाला एक लिटर पाणी पुरते. तांदळाच्या पाण्याला फेस येतो आणि तो शिट्टीच्या छिद्रात अडकू शकतो, म्हणून कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये आणि तांदळाला तेल जरूर चोळावे. शिट्ट्या मोजण्याऐवजी दाब आल्यावर आच बारीक करून वीस मिनिटे घड्याळ लावावे आणि दाब आपोआप उतरू द्यावा. शिट्टी उचलून वाफ काढली तर पेज छिद्रातून बाहेर उसळते आणि भाजते. झाकण काढल्यावर जे दिसेल ते आपल्याला मिळाले होते तेच, पाणी वेगळे आणि भात वेगळा, असेल. त्यालाच आता उघड्यावर मोठ्या आचेने दहा-पंधरा मिनिटे उकळावे आणि रवी फिरवावी. आपल्या प्रयत्नात एवढाच भाग राहून गेला होता, जरी बासमतीने तो काहीसा अवघड केला असता.

पाण्याऐवजी संपूर्ण सूप वापरावे का, असेही पुष्कळ जण विचारतात. तांदूळ स्वतः फार सौम्य असल्याने जड सुपात त्याची चव बुडून जाते. चिकनची हाडे एकदा उकळत्या पाण्यात टाकून, ते पाणी फेकून, मग स्वच्छ पाण्यात तासभर शिजवून केलेले हलके सूप आणि साधे पाणी निम्मे-निम्मे घ्यावे. शाकाहारी घरात सुके शिताके मशरूम भिजवून त्यांचे पाणी गाळून घालावे. सोयाबीनच्या दुधाच्या सायीचे वाळवलेले पापुद्रे मिळाले तर थोडे भिजवून तांदळाबरोबरच घालावेत. ते पूर्ण विरघळतात आणि बिनमांसाच्या पेजेला दुधाळपणा देतात.

मासा किंवा चिकन केव्हा घालावे, याचे उत्तर देताना कँटनीज लोकांची एक उत्तम व्यवस्था सांगितली पाहिजे. हॉटेलात मोठ्या पातेल्यात साधी पांढरी पेज तयार असते. गिऱ्हाईक आले की तिच्यातली एका वाडग्यापुरती पेज लहान भांड्यात काढून खळखळून उकळतात, त्यात कच्च्या मासळीचे किंवा मांसाचे पातळ काप टाकतात आणि ते शिजताच लगेच वाढतात. त्यामुळे पेज तासाभराची आणि मासा मिनिटभराचा अशी दोन्ही आपापल्या योग्य वेळी तयार होतात. घरीही तसेच करावे. मासा सुरुवातीपासून पेजेत शिजवला तर त्याचा भुगा होतो आणि सगळ्या पेजेला माशाचा उग्र वास येतो.

ग्वांगझोऊकडे यासाठी गोड्या पाण्यातला गवत्या मासा वापरतात. त्या भागात अर्धकच्च्या गोड्या पाण्याच्या माशांतून यकृतात शिरणाऱ्या चपट्या कृमींची बाधा होते, हे वैद्यकाला चांगले माहीत आहे. म्हणून पेजेच्या उष्णतेवर भिस्त ठेवून कच्चे काप वाडग्यात ठेवायचे आणि वरून पेज ओतायची, ही हॉटेलातली करामत घरी करू नये. आपल्याकडे जिताडा किंवा रावस घ्यावा. २५० ग्रॅम बिनकाट्याचे काप अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नसावेत. त्यांना मीठ, पांढरी मिरीपूड, आल्याच्या काड्या, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि थोडे तेल लावून दहा मिनिटे ठेवावे, मग उकळत्या पेजेत एकेक सोडून मिनिट-दीड मिनिट शिजवावे. सुरमई या कामाला कोरडी पडते. चिकनला हीच रीत लागू आहे, फक्त त्यात थोडा सोया सॉस घालावा आणि काप आतपर्यंत पांढरे होईपर्यंत तीन-चार मिनिटे द्यावीत.

काळे खारवलेले अंडे आणि आदल्या रात्री मीठ लावून ठेवलेले चरबीविरहित डुकराचे मांस घातलेली पेज ही कँटनीज पेजांमध्ये सर्वांत प्रसिद्ध आहे. ती अंडी भारतात क्वचित मिळतात. पूर्वी ती करताना शिशाचे संयुग वापरत असत, म्हणून घेताना शिसेविरहित असे लिहिलेलीच घ्यावीत. ती मिळाली नाहीत तर साधे उकडलेले अंडे घालून तिला त्याच नावाने वाढू नये. त्यापेक्षा ग्वांगझोऊच्या लीची खाडीतल्या होड्यांवर पूर्वी विकली जाणारी ‘थेंगजाय’ पेज करावी, कारण मासळीचे काप, अंड्याच्या पातळ पोळीच्या चिरलेल्या पट्ट्या आणि तळलेले शेंगदाणे हे तिचे बरेचसे साहित्य आपल्या घरात असतेच.

वरून घालायच्या गोष्टींत दोन चुका नेहमी होतात. पहिली तेलाची : तिळाचे तेल म्हणजे इथे भाजलेल्या तिळाचे गडद तेल, आपले घाण्याचे तेल कच्च्या तिळाचे असल्याने तो वास देत नाही. ते तीन-चार थेंब, आच बंद केल्यावर घालावे. दुसरी सोया सॉसची : गडद सॉस घातला की पेज चॉकलेटी होते आणि चव गोडसर लागते, म्हणून फिका सॉस घ्यावा, तोही वाडग्यात. मिरी पांढरीच हवी. पातीचा कांदा, कोथिंबीर आणि केसासारखे चिरलेले आले एवढ्यावर काम भागते. लसूण-मिरचीची फोडणी देण्याचा मोह होईल; ती वाईट लागत नाही, पण मग तो वेगळा पदार्थ झाला.

घरात मधुमेही असतील तर त्यांचा वाडगा लहान ठेवावा आणि त्यात मासा किंवा चिकन अधिक घालावे, कारण इतका फुटलेला तांदूळ साध्या भातापेक्षा पचायला हलका असला तरी रक्तातली साखर वेगाने वाढवतो.

उरलेल्या शिळ्या भाताची जूक तितकी एकजीव होत नाही. थंड झालेल्या भातातला स्टार्च पुन्हा घट्ट झालेला असतो आणि तो पूर्वीसारखा पसरत नाही. त्यात गरम पाणी घालून शांघायकडे जो साधा ‘पाओफान’ करतात, तेवढाच त्याचा उपयोग करावा. उरलेली पेज मात्र चांगली टिकते, जर ती पातेल्यात तशीच न ठेवता उथळ भांड्यात पसरून लवकर गार केली आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवली तर. दाट पेज आतून तासन्‌तास कोमट राहते, आणि शिजवलेल्या तांदळात वाढणाऱ्या जीवाणूंना ते वातावरण फार मानवते. दुसऱ्या दिवशी ती खरवसासारखी घट्ट झालेली दिसेल. त्यात थोडे उकळते पाणी घालून रवीने मोडावी आणि पूर्ण उकळी आणावी. वाढताना डाव निराळा ठेवावा आणि तोंडातला चमचा पातेल्यात बुडवू नये, कारण लाळेतले अमायलेज नावाचे विकर स्टार्चचे तुकडे करते आणि काही मिनिटांत सगळी पेज पुन्हा पाण्यासारखी पातळ होते.